ग्रीक शोकांतिकेतलं राजकारण शोधायचं कुठे?

प्राचीन अथेन्सच्या सोफोक्लिसचं 'अँटिगनी' बसवायला घेतलेल्या एका तरुण दिग्दर्शकाचा हा प्रश्न आहे. त्याच्या गटात दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, ही दैवाची आणि घराण्याच्या शापाची गोष्ट आहे, तिच्यात राजकारण घुसडू नये. दुसऱ्या तटाला वाटतं, मिथक हा तेव्हाही पडदाच होता आणि आत सगळं अथेन्सचं राजकारण होतं, तेव्हा त्यातल्या क्रिऑन राजाला सरळ आजच्या एखाद्या नेत्याच्या पेहरावात उभं करावं. यात बरोबर कोण, असं त्याने विचारलं आहे.

ही नाटकं मी बरीच वर्षं बसवतो आणि शिकवतो आहे. माझ्या मते बरोबर दोघेही नाहीत. पहिल्या तटाला उत्तर देणं सोपं आहे. दुसऱ्या तटाशी सविस्तर बोलावं लागेल, कारण ती मंडळी नाटक आजच्या काळात आणू पाहताहेत आणि त्यांची ही तळमळ मला मोलाची वाटते.

मिथक म्हणजे पडदा, ही समजूत मराठी माणसाला अगदी जवळची आहे. पुराणातली गोष्ट घेऊन राज्यकर्त्यांवर बोलायची रीत आपल्या रंगभूमीने गाजवलेली आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 साली रंगमंचावर आलं. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे नाडलेला देश, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावं लागत नव्हतं. सरकारलाही ते समजलं आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. पण ही परक्या सत्तेखाली राहणाऱ्या समाजाची युक्ती होती. उघड बोलता येत नाही, म्हणून विराटाच्या दरबाराआडून बोलायचं.

अथेन्सच्या नाटककाराला असा आडोसा लागत नव्हता. ज्या उत्सवात शोकांतिका व्हायच्या त्याच उत्सवात विनोदी नाटकंही व्हायची, आणि इ.स.पू. 423 मध्ये अ‍ॅरिस्टोफेनीसने सॉक्रेटिसला त्याच्या स्वतःच्या नावानिशी रंगमंचावर आणून त्याची रेवडी उडवली. सेनापती, वक्ते, पुढारी, कोणालाच त्याने सोडलं नाही. ज्या शहरात जिवंत माणसाचं नाव घेऊन इतकं बोलता येत होतं, तिथे शोकांतिकाकार मात्र ट्रॉय, थीब्ज आणि आर्गोसच्या जुन्या राजघराण्यांकडेच का जात राहिले? मिथक लपण्यासाठी नव्हतं, तर मग कशासाठी होतं?

उत्तर देण्याआधी त्या नाट्यगृहात नाटकापूर्वी काय काय घडत होतं ते बघू.

वसंताच्या सुरुवातीला डायोनिसस देवाचा मोठा उत्सव भरायचा. अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिणेकडच्या उतारावर उघडं नाट्यगृह होतं. पाचव्या शतकात तिथे लाकडी बाकं होती. आज जे दगडी अवशेष दिसतात त्यातलं मुख्य बांधकाम त्यानंतर शंभरएक वर्षांनी, लायकर्गसच्या काळात झालं. तीन नाटककार स्पर्धेत उतरायचे, प्रत्येकाच्या तीन शोकांतिका आणि एक सॅटिर नाटक, म्हणजे शेवटी होणारं थट्टेचं नाटक. संधी कोणाला द्यायची हे आर्कॉन, म्हणजे त्या वर्षाचा मुख्य अधिकारी ठरवायचा. कोरसच्या तालमी, शिक्षक, पोशाख हा सगळा खर्च एका श्रीमंत नागरिकावर सोपवला जायचा. वर्षभर युद्धनौका सांभाळण्याचा खर्च जसा धनिकांवर टाकला जाई, तसंच हेही एक नागरी कर्तव्य होतं. परीक्षक दहा, शहराच्या दहा जमातींमधून प्रत्येकी एक, तेही चिठ्ठी टाकून निवडलेले. लोकशाहीने कारभारासाठी जी यंत्रणा उभी केली होती तीच नाट्यस्पर्धेलाही लावली होती.

नाटकं सुरू होण्याआधी सेनापती देवाला अर्घ्य द्यायचे. मग मित्रराष्ट्रांकडून आलेली खंडणी, म्हणजे चांदी, प्रेक्षकांसमोर ऑर्केस्ट्रात मांडली जायची. ऑर्केस्ट्रा म्हणजे कोरसची नाचण्या-गाण्याची मोकळी जागा. ही मित्रराष्ट्रं आता जवळजवळ मांडलिक झाली होती आणि त्यांचे प्रतिनिधी ते बघत बसलेले असायचे. युद्धात ज्यांचे वडील पडले आणि ज्यांना शहराने आपल्या पैशाने वाढवलं अशी मुलं वयात आल्यावर त्याच जागी मिरवत यायची, अंगावर शहराने दिलेली शस्त्रास्त्रं. शहराची सेवा केलेल्यांचे सन्मान जाहीर व्हायचे.

आणि त्यानंतर त्याच जमिनीवर काय दाखवलं जायचं? विजयी सेनापती घरी परततो आणि बायको त्याला न्हाणीघरात मारते. मुलगा आईला मारतो. जिंकलेल्या शहरातल्या बायका चिठ्ठ्या टाकून वाटल्या जातात आणि त्यांच्यातल्या एकीच्या नातवाला तटावरून खाली फेकलं जातं. ज्या राज्याने आत्ता आपली ताकद मिरवली तेच राज्य पैसे देऊन हे बघत बसतं. माझ्या दृष्टीने ग्रीक शोकांतिकेतलं राजकारण इथून सुरू होतं. कोणत्या पात्राच्या आड कोणता पुढारी दडलाय, हा प्रश्न त्यापुढे फार छोटा आहे.

मिथकाचं काम काय, हे एका फसलेल्या प्रयोगातून चांगलं कळतं. इ.स.पू. 494 मध्ये पर्शियन सैन्याने मिलेटस शहर घेतलं. अथेन्सचं या शहराशी रक्ताचं नातं मानलं जाई. काही काळाने फ्रिनिकस नावाच्या नाटककाराने मिलेटसच्या पाडावावरच शोकांतिका केली. इतिहासकार हिरोडोटस सांगतो की सगळं नाट्यगृह रडू लागलं. शहराने फ्रिनिकसला आपल्याच घरच्या दुःखाची आठवण करून दिली म्हणून 1000 ड्राख्मा दंड केला आणि ते नाटक पुन्हा कोणी करू नये असं फर्मावलं. दुःख अगदी अंगाला भिडलं की माणूस रडतो, विचार करत नाही, हे त्या पिढीच्या नाटककारांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

इ.स.पू. 472 मध्ये ईस्किलसनेही 'पर्शियन्स' या नाटकात ताजा इतिहासच घेतला. सलामिसच्या समुद्रात अथेन्सने पर्शियाचं आरमार बुडवून आठच वर्षं झाली होती. पूर्ण रूपात हाती आलेल्या शोकांतिकांपैकी ऐतिहासिक विषयावरची हीच एक. कोरसचा खर्च उचलला होता पुढे अथेन्सचा पुढारी झालेल्या तरुण पेरिक्लीसने. पण ईस्किलसने नाटक नेऊन ठेवलं पर्शियाच्या राजधानीत, सुसामध्ये. कोरस पर्शियन म्हाताऱ्यांचा. राजमाता अटोसा मुलाची वाट बघते आहे, तिचा मेलेला नवरा दरायस थडग्यातून वर येतो, मुलगा झर्क्सीस फाटक्या कपड्यांत परततो आणि शेवट सामूहिक विलापात होतो. सबंध नाटकात एकाही ग्रीक माणसाचं नाव नाही. अटोसा विचारते, या अथेन्सवाल्यांचा धनी कोण? उत्तर मिळतं, ते कोणाचे गुलाम म्हणवत नाहीत. या वाक्याला प्रेक्षक सुखावले असणार. पण त्याच प्रेक्षकांना, ज्यांच्यातले पुष्कळ जण त्या लढाईत वल्ही मारत होते, आपण मारलेल्या शत्रूच्या आईजवळ बसून तिचं रडणं ऐकावं लागलं. इतर नाटकांत मिथकाने जे अंतर मिळतं ते इथे भूगोलाने मिळवलं आहे.

हे अंतर काय साधतं? सभेत बोलायचं तर बाजू घ्यावी लागते आणि शेवटी हात वर करावा लागतो. न्यायालयात दोषी की निर्दोष ते सांगावं लागतं. नाट्यगृहात तीच माणसं, तेच प्रश्न, पण निकाल द्यायची सक्ती नाही. थीब्जच्या राजाबद्दल आपण निवांत, दोन्ही बाजूंनी विचार करू शकतो, कारण तो आपला राजा नाही. अथेन्समध्ये राजाच नव्हता. म्हणून शोकांतिकेतल्या सगळ्या भयंकर गोष्टी बहुतेकदा दुसऱ्या शहरात घडतात, आणि पळून आलेला माणूस आसरा मागायला अथेन्सला येतो.

मिथक ठरलेलं असतं, त्यामुळे नाटककाराचे हात बांधलेले असतात, असं पहिला तट म्हणेल. तसं मुळीच नाही. होमरच्या इडिपसला आपण बापाला मारून आईशी लग्न केल्याचं कळल्यावरही तो थीब्जवर राज्य करत राहतो. डोळे फोडून घेतलेला इडिपस आपल्या मनात ठसला तो सोफोक्लिसमुळे. मिडियाची मुलं कॉरिंथच्या लोकांनी मारली अशीही एक कथा होती. आईनेच मारली, ही बहुधा युरिपिडीसची करणी. बेटावर एकटं सोडून दिलेल्या योद्ध्याच्या, फिलॉक्टेटीसच्या गोष्टीत ईस्किलस आणि युरिपिडीस या दोघांनी लेम्नॉस बेटावरच्या रहिवाशांचा कोरस ठेवला होता, सोफोक्लिसने ते बेटच निर्मनुष्य करून टाकलं. आणि तुमच्या अँटिगनीचंच घ्या. युरिपिडीसनेही तिच्यावर नाटक लिहिलं होतं, ते आता हरवलं आहे, पण त्यात तिचं क्रिऑनच्या मुलाशी, हीमॉनशी, लग्न होतं आणि तिला मुलगाही होतो. कथा सगळ्यांना माहीत असायची, आणि म्हणूनच नाटककाराने ती कुठे वळवली हे प्रत्येकाला दिसायचं. राजकारण शोधायचं तर त्या वळणावर शोधा.

याचा सर्वात मोठा नमुना म्हणजे इ.स.पू. 458 ची 'ऑरेस्टिया', ईस्किलसची तीन नाटकांची मालिका. ही मी दोनदा बसवली आहे आणि जमलं तर पुन्हा बसवेन. होमरचा अ‍ॅगमेम्नॉन मायसिनीचा राजा, ट्रॉय जिंकून घरी परतणारा सेनापती. ईस्किलसने त्याला उचलून आर्गोसला नेलं. का? त्याच्या थोडं आधी अथेन्सने स्पार्टाशी बिनसल्यावर आर्गोसशी तह केला होता. तिसऱ्या नाटकात राजाचा मुलगा ऑरेस्टीस वचन देतो की आर्गोस कधीही अथेन्सवर शस्त्र उगारणार नाही. इतका उघड संदर्भ शोकांतिकेत क्वचितच सापडतो.

पण खरी गोष्ट पुढे आहे. इ.स.पू. 462–461 च्या सुमारास लोकशाहीवादी पुढारी एफिआल्टीसने अरिओपागस या जुन्या, उमरावांच्या परिषदेचे बहुतेक राजकीय अधिकार काढून घेतले. तिच्याकडे उरले मुख्यतः खुनाचे खटले. त्यानंतर लवकरच एफिआल्टीसचा खून झाला. शहर यादवीच्या कडेला उभं होतं. अशा वेळी ईस्किलस आपल्या नाटकात दाखवतो की अरिओपागसची स्थापनाच मुळी एका खुनाच्या खटल्यासाठी झाली, आईला मारणाऱ्या ऑरेस्टीसच्या, आणि ती केली स्वतः अथेन्सच्या देवीने, अथीनाने. परंपरेनुसार तिथला पहिला खटला एरीस या युद्धदेवाचा होता. ईस्किलसने तो बाजूला सारला.

मग ईस्किलस सुधारणांच्या बाजूचा की विरोधातला? या प्रश्नावर अभ्यासकांनी ढीगभर लिहून ठेवलं आहे आणि एकमत झालेलं नाही. ते होणारही नाही, कारण अथीनाचं भाषणच तसं रचलेलं आहे. ती म्हणते, अराजकही नको आणि हुकूमशाहीही नको. भीती शहरातून पार हाकलून देऊ नका. कायद्यांत गढूळ पाणी मिसळू नका. सुधारणावाल्याला वाटावं, जुन्या परिषदेने बळकावलेले जास्तीचे अधिकार म्हणजे गढूळ पाणी. विरोधकाला वाटावं, एफिआल्टीसच्या सुधारणा म्हणजे गढूळ पाणी. दोघेही शेजारी शेजारी बसून मान डोलावतील. ज्या शहरात नुकताच राजकीय खून झाला आहे, तिथे दोन्ही गटांना एकाच वाक्याला मान डोलवायला लावणं ही ईस्किलसने केलेली राजकीय कृती आहे. ती कोणत्याही प्रचारापेक्षा मला मोठी वाटते.

आणि ही कृती शब्दांइतकीच रंगमंचावर घडते. पहिल्या नाटकात, 'अ‍ॅगमेम्नॉन'मध्ये, मागे राजवाडा आहे. नटांच्या मागे दरवाजा असलेली ही इमारत, स्कीनी, वापरणाऱ्या आपल्या हाती आलेल्या नाटकांत हे पहिलं. नवं साधन हातात आल्यावर ईस्किलसने त्याचं जे केलं ते कोणत्याही दिग्दर्शकाने अभ्यासावं. पहारेकरी छतावर. दरवाज्यावर राणी क्लायटेम्नेस्ट्राचा ताबा, तिच्या संमतीशिवाय कोणी आत जात नाही. अ‍ॅगमेम्नॉन रथातून येतो, ती त्याच्या पायांखाली घरातली जांभळी मौल्यवान वस्त्रं पसरते, तो कां-कूं करतो आणि त्यावर चालत मृत्यूच्या दारात शिरतो. मागे रथात ट्रॉयची भविष्य जाणणारी राजकन्या कसांड्रा उभी आहे, मुकी. इ.स.पू. 458 च्या प्रेक्षकाला दोन बोलणाऱ्या नटांची सवय जुनी, तिसरा नट अजून नवा. त्यामुळे ती बोलणारच नाही असं वाटावं इतका वेळ ती गप्प राहते. राणी तिला आत बोलावते, ती हलत नाही. राणीचं न ऐकणारी सबंध नाटकातली ही पहिली व्यक्ती, आणि ती आहे लढाईत धरून आणलेली गुलाम. राणी आत गेल्यावर ती किंचाळते, पुढचंमागचं सगळं बघते आणि मग स्वतःच्या पायांनी त्या दारातून आत जाते. सत्ता कोणाच्या हातात आहे, हे इथे कोण दारातून कसं जातं यावरून कळतं.

तिसऱ्या नाटकाच्या शेवटी न्यायाधीश म्हणून अथेन्सचे नागरिक रंगमंचावर आहेत. त्यांना एकही वाक्य नाही. ते एकेक करून मत टाकतात आणि अथीना 'अ‍ॅटिकाच्या लोकांनो', म्हणजे अथेन्सच्या मुलखातल्या लोकांनो, म्हणून बोलते तेव्हा तिचं तोंड उतारावर बसलेल्या हजारो माणसांकडे असतं. खरी अरिओपागसची टेकडी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. मतं समान पडतात, ऑरेस्टीस सुटतो, आणि हरलेल्या सूडदेवतांना अथीना शहराबाहेर काढत नाही. त्यांना किरमिजी वस्त्रं देऊन, मशाली लावून, मिरवणुकीने शहरातच वस्तीला नेते. रक्ताच्या वर्णनांनी भरलेल्या तीन नाटकांनंतर तोच लाल रंग असा उत्सवी होऊन येतो. प्रकाशयोजनाकार मला नेहमी विचारतात की इथे काय करू. मी सांगतो, काही करू नका, कापडाचा रंग बोलू द्या.

युरिपिडीसच्या 'ट्रोजन विमेन'बद्दल थोडक्यात. ते इ.स.पू. 415 चं. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात अथेन्सने मिलॉस बेट घेतलं, पुरुष मारले, बायकामुलं गुलाम केली. म्हणून हे नाटक मिलॉसचा निषेध आहे असं सर्रास सांगितलं जातं. पण मिलॉस पडणं आणि उत्सव यांत जेमतेम काही महिने होते, आणि नाटक निवडून, कोरस मिळवून, तालमी करायला वेळ लागतो. एका घटनेवर लिहिलेलं उत्तर म्हणून ते बघू नका. स्पार्टाशी चाललेल्या युद्धाचं सोळावं वर्ष चालू होतं आणि असं मिलॉसच्या आधीही झालं होतं. उलट प्रेक्षकांनी मिलॉस मनात घेऊन ते पाहिलं असणार, आणि त्याच उन्हाळ्यात सिसिलीच्या मोहिमेवर जहाजं हाकारली. युरिपिडीस त्या वर्षी दुसरा आला.

आता अँटिगनी. थीब्जवर चाल करून आलेला तिचा भाऊ मरतो, राजा क्रिऑन त्याचं प्रेत पुरायला मनाई करतो, आणि ती मनाई मोडून अँटिगनी त्याला पुरते.

तुम्ही क्रिऑनला पहिल्या प्रवेशापासून हुकूमशहा केलंत की नाटक तिथेच संपतं. बंदीहुकूम, काळा चश्मा, मागे अंगरक्षक, की प्रेक्षक निकाल देऊन मोकळा. पण अथेन्सचा माणूस क्रिऑनचं पहिलं भाषण ऐकताना बहुधा सहमत होत होता. राज्य हे जहाज आहे, ते तरलं तर आपण तरू. जो देशापेक्षा मित्राला मोठं मानतो त्याची मी किंमत ठेवत नाही. यात त्याला खटकण्यासारखं काय? याला पुरावाही आहे. इ.स.पू. 343 मध्ये, म्हणजे नाटकानंतर सुमारे शंभर वर्षांनी, डिमॉस्थेनीसने एस्किनीसवर वकिलातीच्या कामात बेइमानी केल्याचा खटला चालवला. एस्किनीस पूर्वी नट होता आणि त्याने क्रिऑनची भूमिका केली होती. डिमॉस्थेनीसने भर न्यायालयात क्रिऑनचं हेच भाषण वाचायला लावलं आणि विचारलं, ज्या ओळी तू इतक्यांदा म्हटल्यास त्या स्वतः का पाळल्या नाहीस? म्हणजे लोकशाहीचा सर्वात मोठा वक्ता क्रिऑनचं भाषण आदर्श नागरिकाचा धडा म्हणून वाचून दाखवतो आहे.

पुरण्याच्या प्रश्नातही अथेन्स नामानिराळं नव्हतं. देशद्रोह्याला अ‍ॅटिकाच्या मातीत पुरायचं नाही हा तिथला कायदा होता. सलामिसचा विजय ज्याच्यामुळे झाला तो थेमिस्टोक्लीस पुढे देशद्रोही ठरला, परदेशात मेला. त्याच्या आप्तांनी त्याची हाडं गुपचूप आणून अ‍ॅटिकात पुरली अशी वदंता इतिहासकार थ्युसिडिडीसने नोंदवून ठेवली आहे. दुसरीकडे, थीब्जच्या वेशीवर पडलेल्या आर्गोसच्या योद्ध्यांची प्रेतं थीब्ज देत नव्हतं तेव्हा आमच्या पुराणातल्या राजा थिसियसने ती मिळवून त्यांना अग्नी दिला, ही अथेन्सची आवडती फुशारकी. एकाच प्रेक्षकाच्या डोक्यात या दोन्ही गोष्टी नांदत होत्या. सोफोक्लिस त्या एकमेकींवर आदळवतो. क्रिऑनने प्रेत देशाबाहेर टाकलं असतं तर पुष्कळांनी कदाचित काहीच म्हटलं नसतं. त्याने ते देशाच्या आत, उघड्यावर, कुत्र्यागिधाडांसाठी ठेवलं.

सोफोक्लिस स्वतः कारभारातला माणूस होता. साम्राज्याच्या खजिन्याचं काम त्याने सांभाळलं, आणि इ.स.पू. 441–440 मध्ये पेरिक्लीसबरोबर सेनापती म्हणून निवडून आला. नाटकाच्या अगदी सुरुवातीला अँटिगनी क्रिऑनचा उल्लेख राजा म्हणून न करता सेनापती म्हणून करते. यावरून क्रिऑन म्हणजे पेरिक्लीस असा तर्क लढवू नका. क्रिऑन जे शब्द वापरतो ते सत्ता हाती असलेल्या प्रत्येक सभ्य माणसाचे शब्द आहेत, आणि लिहिणाऱ्याला ते आतून माहीत होते, एवढं त्यातून घ्या.

क्रिऑन घसरतो तो हळूहळू. आधी कायदा, मग त्यामागे पैसे खाल्ल्याचा संशय, मग बाईपुढे हार मानणार नाही ही जिद्द. आणि मग हीमॉनचा प्रवेश. मुलगा अदबीने सुरुवात करतो, शहर अंधारात कुजबुजतंय ते सांगतो. बाप चिडतो. मुलगा म्हणतो, एका माणसाचं असतं ते शहरच नव्हे. बाप विचारतो, शहर राज्यकर्त्याचं मानत नाहीत का? मुलगा म्हणतो, ओसाड जागेवर तू एकटा छान राज्य करशील. पहिल्या भाषणाला मान डोलावलेला प्रेक्षक इथे अस्वस्थ व्हायला हवा. तो केव्हा अस्वस्थ झाला, हे प्रत्येकाचं वेगळं असेल. क्रिऑनला आजच्या नेत्याचा चेहरा दिलात की तुम्ही प्रेक्षकाकडून नेमकी ही शोधाशोध काढून घेता. तो आपल्या नावडत्या नेत्याला शिव्या देऊन समाधानाने घरी जाईल, किंवा आवडत्या नेत्याची टवाळी झाली म्हणून रागाने जाईल. दोन्ही वेळा स्वतःपासून सुटेल.

तीच गोष्ट अँटिगनीची. तिला निर्मळ वीरांगना करू नका. बहीण इस्मिनी मागाहून मरणात वाटा मागते तेव्हा ती तिला झिडकारते. शेवटच्या भाषणात ती म्हणते की नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केलं नसतं, दुसरा नवरा मिळेल, दुसरं मूल होईल, पण आईबाप गेल्यावर दुसरा भाऊ मिळणार नाही. या ओळी जर्मन कवी गटेला इतक्या खटकल्या की त्या सोफोक्लिसच्या नसाव्यात असं कोणीतरी सिद्ध करावं अशी त्याची इच्छा होती. आपल्याकडेही दिग्दर्शक त्या गुपचूप कापतात. पण अ‍ॅरिस्टॉटलने त्या उद्धृत केल्या आहेत, म्हणजे चौथ्या शतकात त्या संहितेत होत्या. ठेवा त्या. क्रिऑनसाठी शहरापुढे घर नाही आणि हिच्यासाठी जन्माच्या घरापुढे काहीच नाही, नवं घरही नाही. ती या टोकाला गेलेली आहे हे कळल्याशिवाय दोघांची टक्कर बरोबरीची होत नाही.

आता प्रत्यक्ष बसवण्याबद्दल.

कोरस कापू नका. आपल्याकडे पहिली कात्री नेहमी कोरसवर चालते, कारण माणसं जमवणं कठीण. पंधरा नको, सात-आठ चालतील, पण रंगमंचावर सतत हवेत. थीब्जचे हे म्हातारे क्रिऑनने निवडून बोलावलेले आहेत, सर्वसाधारण सभा त्याने बोलावलेली नाही. अँटिगनी क्रिऑनच्या तोंडावर सांगते की यांनाही माझं पटतंय, पण भीतीने तोंड बंद आहे. त्या क्षणी ते शेजारीच उभे असतात आणि काही बोलत नाहीत. या नाटकातलं सर्वात धारदार राजकारण त्या गप्प बसण्यात आहे. त्यांना सामान्य जनता म्हणून गोणपाटाचे कपडे देऊ नका. ते मानमरातब असलेले, आदराने वागवले जाणारे लोक आहेत.

दोन्ही बाजूंच्या वाटा पक्क्या ठरवा. एक शहरात जाते, दुसरी बाहेर माळावर, जिथे प्रेत पडलंय. पहारेकरी माळावरून येतो, अँटिगनीला धरून तिकडूनच आणतात. आणि शेवटी क्रिऑनला धावत त्याच वाटेने जावं लागतं. कोरस त्याला सांगतो, आधी मुलीला सोडव, मग प्रेताचं बघ. तो आधी प्रेत पुरतो, मग गुहेकडे जातो. तिथेही त्याने शहरावरचा डाग आधी पुसला आणि माणूस नंतर बघितला. निरोप्याच्या भाषणात हा क्रम आहे, तो नटाला नीट सांगू द्या.

जमत असेल तर तीनच नटांत भूमिका वाटून बघा. सोफोक्लिसला तिघांतच भागवावं लागत होतं, आणि सगळे पुरुष, मुखवटे घातलेले. क्रिऑन करणारा नट शेवटपर्यंत तोच. दुसऱ्याकडे इस्मिनी, पहारेकरी आणि निरोप्या. अँटिगनीच्या नटाकडे हीमॉन, आंधळा द्रष्टा टायरेसियस आणि राणी युरिडिसी येऊ शकतात. असं वाटप केलंत तर क्रिऑनला अडवणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती एकाच गळ्यातून बोलते. मुखवट्यांशिवायही हे करता येतं, फक्त प्रेक्षकांपासून लपवू नका.

दरवाजा शेवटासाठी राखून ठेवा. क्रिऑन माळाकडच्या वाटेने मुलाचं प्रेत घेऊन येतो, आणि राजवाड्याचं दार उघडून युरिडिसीचं प्रेत बाहेर येतं. अथेन्समध्ये त्यासाठी चाकांचा फलाट होता, आत घडलेलं बाहेर दाखवायला. तुमच्याकडे साधं ढकलायचं व्यासपीठ असलं तरी पुरे. शहर आणि घर असे दोन भाग करून एकाची निवड करणाऱ्या माणसाच्या एका बाजूला रस्त्यावरून आलेलं प्रेत आणि दुसऱ्या बाजूला घरातून आलेलं. हे चित्र मोकळ्या जागेत दिसू द्या, त्यावर पार्श्वसंगीत नको.

तालमी मात्र शेवटापासून सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात क्रिऑनचं पहिलं भाषण आणि हीमॉनचा प्रवेश, एवढंच घ्या, आणि त्या दोन्ही वेळा कोरसचे सगळे नट उभे ठेवा. क्रिऑन करणाऱ्या नटाला सांगा की ते भाषण त्याला मनापासून पटलेलं आहे. मग गटातल्या दोन्ही तटांना समोर बसवून विचारा की त्यांनी मान डोलावणं नेमकं कोणत्या वाक्याला थांबवलं. उत्तरं जुळली नाहीत तर पुढच्या प्रवेशाला हात घाला.